आप्पांचे मानपत्र

भुसावळ,
3 डिसेंबर 2024

प्रिय मित्रास,

सप्रेम सलाम.

गेल्या नाताळात आलेले तुझे पत्र अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. उत्तर लिहायला एक वर्ष पुरले नाही, याबद्दल काय बोलायचे ते भेटीत बोल. आमची प्रकृती ठीक आहे. माझी साखर वाढली आहे आणि हिचे गुडघे कुरकुरतात, त्यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही. फोन केला असता तर हे सगळे पाच मिनिटांत आटोपले असते, पण तू मध्येच ‘मी तेव्हाच सांगितले होते’ असे म्हणाला असतास आणि मग मला पुढचे बोलता आले नसते. म्हणून ते वाक्य मीच आधी लिहून टाकतो: तू तेव्हाच सांगितले होतेस.

आपल्या चर्चची घंटा वाजवणारे आप्पा 31 डिसेंबरला निवृत्त होत आहेत. मध्यरात्रीच्या उपासनेची घंटा ही त्यांची शेवटची घंटा. रविवारी, 29 तारखेला, उपासनेनंतर त्यांचा सत्कार ठरला आहे आणि मानपत्र लिहिण्याचे काम पंच कमिटीने एकमताने माझ्यावर सोपवले आहे. एकमताने म्हणजे दुसरे कोणीही तयार नव्हते. पाळकसाहेबांनी नमुन्यादाखल एक मसुदा दिला आहे. त्यात 1899-1900 च्या दुष्काळापासून सुरुवात आहे, मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेल्या आप्पांच्या आजोबांचा उल्लेख आहे, मग मिशनरी, मग शाळा, मग दवाखाना, आणि सातव्या परिच्छेदात आप्पा एकदाचे येतात आणि दोन ओळींत निघून जातात. सभेत शाल अकराशेची घ्यावी की दीड हजाराची यावर चाळीस मिनिटे गेली. नारळ द्यावा की देऊ नये यावर तर जुने दोन पंच एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत. एकाचे म्हणणे ती आपली प्रथा नव्हे, दुसऱ्याचे म्हणणे नाताळच्या करंज्यांत खोबरे चालते तर सत्कारात का चालू नये. तू असतास तर तिसरा पक्ष काढला असतास.

लिहिण्याआधी माहिती हवी म्हणून मी कार्यालयातले कपाट उघडून जुन्या रोजकीर्दी काढल्या. आप्पांचे पद काय, हेच आधी मला कळेना. 1986 च्या जूनमध्ये ते ‘घंटावाला’ आहेत, दोन वर्षांनी ‘शिपाई’, त्यानंतर कुंपणाला मेंदी लावली त्या वर्षी ‘माळी’, पुढे ‘चौकीदार’, आणि ज्या वर्षी कोणत्याच खात्यात पैसे उरले नव्हते त्या वर्षी ‘किरकोळ खर्च’. ते अक्षर माझे आहे. अडतीस वर्षे काम केलेल्या माणसाला मी एक पूर्ण वर्ष किरकोळ खर्चात टाकले होते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आपल्या रोजकीर्दीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. 1986 च्या जुलैच्या पानावर उजवीकडे आप्पांचा पगार 180 रुपये आणि त्याच तारखेला डावीकडे त्यांच्या नावाने दशांश, म्हणजे चर्चला दिलेला कमाईचा दहावा हिस्सा, 18 रुपये. ऑगस्टलाही तसेच. सप्टेंबरलाही. पगार वाढत गेला तसा दशांश वाढत गेला. आज पगार 9,000 आहे आणि गेल्या महिन्याच्या पानावर डावीकडे 900 जमा आहेत. बेरीज करायला बसलो आणि 1998 पर्यंत येऊन पेन खाली ठेवले. मंडळीत मोटारी घेऊन येणारे आपण किती जण दशांश देतो हे खजिनदाराला पाठ असते, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

मग इतिवृत्ताची वही काढली, आणि तू मनात जे पान म्हणतो आहेस तेच उघडले. 2011 ची वार्षिक सभा. तू उभा राहिला होतास आणि म्हणाला होतास की आप्पांच्या नावाने दरमहा 500 रुपये बाजूला ठेवावेत, म्हणजे म्हातारपणी त्यांना कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. मी खजिनदार म्हणून उत्तर दिले आणि ते उत्तर मीच माझ्या वळणदार अक्षरात लिहून ठेवले आहे: ‘सेवा ही नोकरी नव्हे.’ त्यावर टाळ्या पडल्याचीही नोंद आहे. त्याच पानावर पुढचा ठराव आवारभिंतीच्या 1,40,000 रुपयांचा, तोही मंजूर. तू ‘भिंतीला पैसे आहेत, भिंत राखणाऱ्याला नाहीत’ असे ओरडून बाहेर गेलास, ते मात्र मी वहीत घेतले नव्हते. त्यानंतर आपण आठ महिने बोललो नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात तू नाशिकला गेलास. नोकरीसाठी गेलास असेच मी सर्वांना सांगत आलो.

आता हिशेब ऐक, कारण हिशेबाशिवाय मला दुसरे काही येत नाही. तुझे ते 500 रुपये तेरा वर्षे टाकले असते तर व्याज सोडून 78,000 झाले असते. मी स्वतः तीस वर्षे कारखान्याच्या हिशेबखात्यात दुसऱ्यांच्या ग्रॅच्युइटीचे कागद तपासतो. 1972 च्या कायद्याचे सूत्र मला झोपेतही येते. शेवटचा पगार घ्यायचा, महिना 26 दिवसांचा धरून 15 दिवसांची रक्कम काढायची आणि, सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरून, नोकरीच्या वर्षांनी गुणायची. आप्पांचे 2,02,500 रुपये होतात. कायदा आपल्याला लागू नाही, कारण त्याला निदान दहा माणसे कामावर लागतात आणि आपल्याकडे जेमतेम तीन. पाळकसाहेबांना हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. ‘म्हणजे देणे लागत नाही ना?’ असे त्यांनी विचारले. मी ‘नाही’ म्हणालो. ते खरे होते. घरी येऊन जेवण गेले नाही, आणि त्या दिवशी हिने भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती, त्यावरून काय ते समज.

यापेक्षाही वाईट गोष्ट अजून लिहायची आहे. आवारातली मागची खोली, जिथे आपण पावसात कॅरम खेळायचो, ती नव्या चौकीदाराला लागणार आहे, म्हणून आप्पांना जानेवारीअखेर ती रिकामी करण्याविषयी ‘सुचवण्यात आले’ आहे. सुचवले कोणी, हे कोणी सांगत नाही. मुलगी नवापूरकडे असते. जावयाच्या दोन खोल्यांत पाच माणसे आधीच राहतात. आणि पाळकसाहेबांच्या मसुद्यात शेवटचे वाक्य आहे की ‘ही मंडळी हेच आपले कुटुंब होय.’ ते वाक्य माझ्या हाताने उतरवून काढायचे आणि माझ्याच तोंडाने वाचायचे आहे.

मानपत्रात काय लिहायला हवे ते मला ठाऊक आहे, पण ते शालीबरोबर वाचण्यासारखे नाही. प्रभुभोजनाच्या द्राक्षरसासाठी आप्पा आदल्या रात्री काळे मनुके भिजवतात, सकाळी कुस्करून फडक्यातून गाळतात आणि उपासनेनंतर ते इवलेसे पेले एकेक करून धुतात. अडतीस वर्षांत चार फुटले आणि त्यांतले दोन माझ्या हातून. बाप्तिस्म्याचा दाखला मागायला कोणी मुंबईहून आले तर रजिस्टर उघडण्याआधी ते वर्ष सांगतात, कधी कधी त्या दिवशी पाऊस होता की नाही तेही. दफनभूमीतली आपली काळी माती तुला माहीत आहे: मेमध्ये तिला भेगा पडतात आणि कुदळ परत उडते, पावसाळ्यात खोदलेली बाजू आत ढासळते. त्यासाठी त्यांनी रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर जमवून ठेवले आहेत आणि खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना ते उभे करून माती अडवतात. हे त्यांना कोणी शिकवले नाही.

आणि एप्रिल 2021. कोरोनाच्या दिवसांत काकू गेल्या तेव्हा तू तिकडे अडकला होतास, आम्ही फाटकाबाहेर उभे होतो, आत आप्पा आणि पालिकेची दोन माणसे. चर्चला कुलूप होते, उपासना बंद होत्या, तरी त्यांनी परत येऊन घंटा वाजवली. एक ठोका, मग थांबायचे, मग दुसरा. काकूंच्या वयाचे चौऱ्याहत्तर ठोके मी मोजले. तुला फोनवर ऐकवत होतो तेव्हा बत्तिसाव्याला लाइन तुटली, म्हणून उरलेले सांगतो: एकही चुकला नाही.

ठोक्यांवरून तुला ती रात्र आठवली असेलच. आपण सतरा वर्षांचे, ते नवे, आणि पैज लावून तू दोराला लोंबकळलास. अकरा ठोके पडल्यावर घरांची सगळी लाइन बॅटऱ्या घेऊन बाहेर, कोणाचे अकरा वर्षांचे मूल गेले म्हणून बायका रडायला लागलेल्या. आप्पांनी आपल्याला मारले नाही. प्रत्येक घरी नेऊन ‘कोणी गेलेले नाही’ असे आपल्याच तोंडून सांगायला लावले. शेहेचाळीस घरे. तू अजूनही म्हणतोस की दोर मी ओढला. तू ओढलास.

काल मी त्यांच्या खोलीवर गेलो. मानपत्रासाठी काही सांगा म्हटले तर त्यांनी चहा केला आणि मेंदीला पाणी कोण घालणार याची चौकशी केली. सत्काराचे विचारले तेव्हा म्हणाले, ‘भाऊ, माले शाल नको, घंटाना दोर तेवढा बदला.’ गेली दोन वर्षे ते कमिटीकडे दोर मागत आहेत. जुन्या दोराला तीन ठिकाणी गाठी आहेत, आणि त्या गाठींनी तळहाताला पडलेले घट्टे त्यांनी मला दाखवले, तक्रार म्हणून नव्हे, नव्या माणसाला त्रास होईल म्हणून. खोलीविषयी ते एक शब्द बोलले नाहीत, मी विचारण्याचे धैर्य केले नाही, आणि चहा मात्र पूर्ण प्यालो.

तर मी असे ठरवले आहे. 29 तारखेला मानपत्र वाचण्यासाठी उभा राहिलो की मसुदा बाजूला ठेवून 2011 चे ते पान वाचायचे, माझ्या वाक्यासह आणि टाळ्यांसह. त्यानंतर 2,02,500 चा आकडा सांगायचा आणि पहिले 50,000 माझे म्हणून टेबलावर ठेवायचे. हिला सांगितले आहे. तिने बांगड्यांकडे पाहिले आणि ‘आधीच करायला हवे होते’ म्हणाली. खोली आप्पांच्या हयातीपर्यंत त्यांचीच, असा ठराव मात्र सभासदाने मांडावा लागतो, आणि तुझे नाव अजून यादीत आहे, कारण ते कापण्याचा कागद दोनदा माझ्यापुढे आला आणि दोन्ही वेळा मी तो गहाळ केला. ठराव तू मांड. अनुमोदन मी देतो. हे काम पाळकसाहेबांना आवडणार नाही आणि दोन-तीन पंच उठून जातील. या वेळी बाहेर जाण्याची पाळी त्यांची. मी हे स्वतःचे मन हलके करण्यासाठी करतो आहे असे तू म्हणशील. म्हण. पैसे आप्पांनाच मिळतील.

तुझ्या थोरल्याचे लग्न ठरल्याचे कोणाकडून तरी कळले; अभिनंदन, तारीख कळव. वहिनींना सलाम. तुझ्या पाठीचे दुखणे आता कसे आहे तेही लिही.

28 ला रात्रीपर्यंत पोहोच. आणि येताना नाशिकच्या बाजारातून घंटेसाठी दोर घेऊन ये: चाळीस फूट, अंगठ्याएवढा जाड, सुती. नायलॉनचा आणू नकोस, तो हातातून सटकतो आणि कापतो, असे आप्पांनी दोनदा बजावले आहे. पावती माझ्या नावाने घे.

तुझा,
अजूनही खजिनदार