देवघराखालची बॅटरी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परीक्षानळीच्या तोंडाशी पेटती काडी नेली की 'फट्' आवाज होतो, तो हायड्रोजन. हा प्रयोग मी 31 वर्षे वर्गात करून दाखवला. तरीही माझ्याच घरात देवघराखालच्या बंद कपाटात इन्व्हर्टरची 150 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची बॅटरी बसवू दिली. बसवणारा मुलगा म्हणाला, "काकू, इथं दिसणार नाही." मी होकार दिला.

गेल्या महिन्यात रात्रभर वीज नव्हती. पहाटे आली, बॅटरी चार्ज होत राहिली आणि साडेनऊच्या सुमारास कपाटात बार उडाल्यासारखा आवाज झाला. बॅटरीचे वरचे कवच फुटले होते. शेजारच्या गोधड्यांवर ॲसिड उडाले. चार दिवसांत त्यांची चाळण झाली. टर्मिनल, म्हणजे वायर जोडायचे टोक, ढिले होते, तिथे ठिणगी पडली असावी. वर समईही तेवत होती. थोड्याच वेळापूर्वी माझी नात तिथे फुले ठेवून गेली होती.

चार्जिंग पुरे होत आले की आतल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. हवेत तो 4 टक्के साठला तरी ठिणगी पुरते. मोकळ्या जागेत तो वर निघून जातो, बंद कपाटात साठतो. त्यात आम्ही दिवाळीपासून पाणी पाहिले नव्हते. पातळी उतरली की बॅटरीच्या आतच वायूला जागा होते.

ज्यांची बॅटरी कपाटात किंवा देव्हाऱ्याजवळ आहे, त्यांनी ती कृपया आजच वारा खेळेल अशा सावलीच्या जागी हलवून घ्यावी. पाणी दरमहा पाहावे. ते डिस्टिल्डच हवे. आमच्या लातूरच्या बोअरचे पाणी कसे आहे, ते बादलीवरचा पांढरा थर सांगतो. वरून ॲसिड तर कधीच ओतू नये. टर्मिनलला हात लावण्याआधी इन्व्हर्टर बंद करावा, बांगड्या-अंगठ्या उतरवाव्यात, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळावी, निगेटिव्ह वायर आधी सोडावी. डोळ्यात थेंब उडालाच तर निदान 15 मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे आणि तडक डॉक्टरांकडे जावे.

विक्रेत्याकडे गेले, तर "बॅटरी जुनी झाली होती" एवढेच उत्तर मिळाले. माझी मागणी साधी आहे: घरच्यांनी बंद कपाट दाखवले तर बसवणाऱ्याने तिथे बॅटरी लावायला नकार द्यावा, आणि वॉरंटी कार्डासोबत या सूचनांचे एक पान मराठीत द्यावे. माझे कितीतरी विद्यार्थी आज याच धंद्यात आहेत. हे पत्र त्यांनीही वाचावे.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, लातूर