कांदळाच्या फांदीखाली जिग सोडायला शिकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही, कारण चारचौघांत झालेलं कौतुक तुम्हाला रुचत नाही. आभार मात्र उघडच मानायचे आहेत. गोव्यात मांडवीच्या, शापोऱ्याच्या, सालच्या काठावर माझ्यासारखे आणखी कितीजण मासे गरवायला चुकीचा रॉड घेऊन उभे असतील, त्यांच्याही हे कानावर जावं.

कार्तिकातला तो रविवार तुम्हाला आठवत असेल. कुंभारजुव्याच्या कालव्याचं पाणी नुकतं निवळलं होतं. भाऊ होडी वल्हवत होता आणि मी ९ फुटी रॉड घेऊन पुढे बसले होते. दुकानात मी स्पष्ट सांगितलं होतं की खारफुटीत गरवायचं आहे, तांबोशी मासळी हवी आहे. तरी मला किनाऱ्यावरून लांब फेकायचा रॉड, ४००० नंबरचं रीळ आणि २० ग्रॅमचे धातूचे जिग, म्हणजे वजनदार खोटी आमिषं, दिले गेले. साडेसात हजार रुपये गेले. त्या रॉडने डोक्यावरून फेकावं तर वर फांदी, बाजूने फेकावं तर मागे फांदी. तीन रविवारांत ११ जिग झाडांना टांगून आले होते आणि मी दोष माझ्याच हाताला देत होते.

तुमची होडी बाजूला येऊन लागली. तुम्ही रॉडकडे पाहिलंत, पण त्यावर एक शब्द बोलला नाहीत. वल्हं उचलून समोरच्या कांदळाच्या, खारफुटीच्या झाडाच्या, फांदीखाली आडवं धरलंत. पाणी आणि फांदी यांत जेमतेम दीड वीत जागा होती, आणि त्या फटीच्या आत अंधारात मुळांचं जाळं. "बाय, पयलीं सुवात पळय, मागीर दांडो घे," आधी जागा बघ, मग रॉड घे, एवढंच म्हणालात. मी शाळेत शिकवते. इतक्या थोड्या शब्दांत आख्खा धडा सांगणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे.

त्या फटीतून पुढे सगळं आपोआप ठरत गेलं. भरतीचं पाणी मुळांत शिरतं, त्याबरोबर सुंगटं (कोळंबी) आणि बारके मासे आत जातात, त्यांच्या मागे तांबोशी आणि चोणक सावलीत येऊन बसतात. म्हणजे जिग फटीतून सपाट, पाण्याला जवळजवळ घासत आत गेला पाहिजे. त्यासाठी गलोलीसारखा सोडायचा. असं सोडायचं तर रॉड आखूड हवा, साडेपाच फुटांचा, म्हणजे होडीत बसल्या बसल्या टोक पाण्याजवळ आणता येतं. टोक मऊ हवं, कारण जिगाला ढकलणारी ताकद त्याच्या वाकण्यातून येते. पण खालचा अर्धा भाग दमदार हवा, कारण तांबोशी गळ लागताच मुळांकडे धावते आणि तिला तिथल्या तिथे वळवावं लागतं. नुसता मऊ रॉड जिग छान सोडेल आणि मासा घालवेल. ही गोष्ट तुम्ही तुमचा रॉड माझ्या हातात देऊन, त्याचं टोक स्वतः धरून ओढून दाखवलीत. माझ्या मनगटाला ती जागा अजून आठवते जिथे वाकणं थांबतं आणि जोर सुरू होतो.

रिळाचं फार नाही. २५०० नंबरचं पुरतं, हलकं असावं, आणि स्पूलवर दोरी काठाच्या दोन मिलिमीटर खालपर्यंत भरलेली असावी. कमी भरलेल्या स्पूलच्या कडेला दोरी घासते आणि इतका हलका जिग ती ओढून घेऊ शकत नाही. माझ्या आधीच्या जाड नायलॉनला स्पूलच्या वेटोळ्यांची सवय लागली होती, ती रॉडवरच्या प्रत्येक कडीत, गाइडमध्ये, अडायची. तुम्ही २० पौंड ताण सोसणारी पिवळी ब्रेड लाइन, म्हणजे विणलेली दोरी, सुचवलीत. पिवळी का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. जिग खाली बसत असतानाच मासा तो घेतो, हाताला काही जाणवण्याआधी दोरी एका बाजूला सरकते, आणि सावलीत ते फक्त पिवळ्या दोरीवर दिसतं.

तिच्या पुढे, जिगाच्या बाजूला, ३० पौंडांचा फ्लुओरोकार्बन लीडर, म्हणजे दोरीचा टणक शेवटचा तुकडा, कारण मुळांवरची कालवं आणि चोणकाच्या गालाची धारदार कड, दोन्ही ब्रेडला कापतात. पण तो हातभरच. सोडताना टोकापासून जिगापर्यंतची दोरी रॉडपेक्षा थोडी कमीच असते. लीडर त्याहून लांब केला तर गाठ गाइडच्या आत राहते आणि नेमक्या क्षणी अडते. मी कितीतरी वेळा गाठ बदलली होती. चूक लांबीत होती, हे तुम्ही एका नजरेत ओळखलंत.

आणि जिग. साडेतीन ते पाच ग्रॅमचं शिशाचं डोकं, जाड तारेचा एकच गळ, त्यावर तीन इंची मऊ रबरी मासा. त्याहून हलका दोरी ओढत नाही, त्याहून जड फटीत पोचण्याआधीच पाण्यावर आपटतो. तुम्ही स्वतः साच्यात ओतलेली तीन डोकी मला दिलीत. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबलेला होता. "हातांत धरपाचो न्हय तो?" असं म्हणून तुम्ही अंगठा पुढे केलात. नखाच्या बाजूला जुनी पांढरी खूण होती.

मग ते सोडणं. रिळाची बेल, म्हणजे दोरी अडवणारी तारेची कमान, उघडायची, दोरी तर्जनीवर अडवायची. डाव्या हाताच्या चिमटीत जिग गळाच्या वाकाशी धरायचा, टोक बोटांपासून बाहेर वळलेलं. हात कमरेपर्यंत मागे आणायचा, रॉडचं टोक फटीकडे आणि पाण्याजवळ. आधी जिग सुटतो, तर्जनी त्याच्या पाठोपाठ लगेच. आधी तर्जनी सुटली तर जिग पायाशी पडतो, उशीर झाला तर मागे उसळून येतो. म्हणून डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय तुम्ही मला एकदाही सोडू दिला नाहीत.

घरी मी गळ छाटलेला जिग घेऊन दोन आठवडे सराव केला. सोप्यावरच्या बाकाखाली बादली आडवी ठेवली होती. आईला पहिले दोन दिवस त्या टणत्काराचा त्रास झाला, नंतर तीच मोजू लागली. दहापैकी सात आत जायला लागले तेव्हा मी परत कालव्यावर आले.

पहिली तांबोशी मी गमावली. पिवळी दोरी डावीकडे सरकली, मी झटका दिला, पण ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, ढिला होता आणि तीन सेकंदांत ती मुळांत गेली. तुम्ही शेजारच्या होडीतून सगळं पाहत होतात. न बोलता मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा काढलात, दोरीला अडकवलात आणि अडीच किलोवर ड्रॅग सुटेल इतका आवळून दिलात. पुढच्याच रविवारी, त्याच फांदीखाली, साधारण किलोभराची तांबोशी होडीत आली. तिचा तो विटकरी लाल रंग, मावळतीच्या उन्हात ओला! मी रडले, हे तुम्ही पाहिलंत आणि पाहिलं नाही असं दाखवलंत. त्याबद्दलही आभार.

आणखी एका गोष्टीसाठी ऋणी आहे. अडकलेला जिग काढायला मी होडीतून मुळांवर पाय ठेवणार होते, तेव्हा तुम्ही आवाज चढवलात. या कालव्यात मगरी आहेत हे मला ठाऊक होतं. पौष अमावास्येला मातीची मगर घडवून पुजणारी माणसं माझ्या शेजारची आहेत. तरी पन्नास रुपयांच्या जिगासाठी मी उतरत होते. मोठा चोणक परत सोडायला लावलात तेव्हाही आधी राग आला होता. चोणक आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि साधारण मीटरभराचा होईपर्यंत मादी झालेला असतो, म्हणजे अंडी घालणारे तेच मोठे मासे, हे तुम्ही समजावलंत. त्यानंतर सोडताना हात आखडला नाही.

आता माझा स्वतःचा साडेपाच फुटी रॉड आला आहे. तुम्ही वापरायला दिलेला तुमचा पुसून, गाइडना तेल न लावता, तुम्ही सांगितलंत तसा गोड्या पाण्याने धुऊन ठेवला आहे. दिलेल्या तीन डोक्यांपैकी दोन परत आणते, तिसरं त्या कांदळाच्या मुळात आहे.

येत्या रविवारी भांगाचं पाणी आहे, म्हणजे भरती-ओहोटीचा चढउतार कमी. उधाणासारखी फट बुडणार नाही, दोन तास तरी उघडी राहील. आई हुमण, माशांची आमटी, करून देणार आहे, त्यात तिखट किती घालू असं विचारत होती. मी आणि भाऊ तिथे थांबतो. पहिला जिग तुम्ही सोडायचा.

तुमची,
माशेलची बाय