उद्यमनगरातल्या मिस्त्रीकाकांना

ती. मिस्त्रीकाका,
शि. सा. न. वि. वि.

परवा मी गच्चीवर बनवलेल्या तेराव्या लोखंडी घडवंचीला काळा रंग दिला आणि हात पुसता पुसता लक्षात आलं, की तुमचे आभार मानायचे राहूनच गेलेत. समोर मानायला गेलं की तुम्ही “चहा घ्या” म्हणून विषय बदलता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. नातवाकडून वाचून घ्या आणि मध्येच उठून जाऊ नका.

पहिल्यांदा मी तुमच्या दुकानात आले ती चौदा इंची कटऑफ मशीन, म्हणजे मोठ्या चकतीने लोखंड कापायचं यंत्र, कुठे चांगलं मिळेल हे विचारायला. बँकेतून निवृत्त झालेली बाई, खांद्याला पर्स, आणि पर्समध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेला फुटक्या चकतीचा तुकडा. ती चकती आदल्या रविवारी माझ्या गच्चीवर फुटली होती. हातात धरून फिरत्या चकतीने लोखंड कापायचा चार इंची ग्राइंडर होता. त्याचं गार्ड, म्हणजे चकतीवरचं झाकण, वेल्डिंगवाल्या पोराने “मधे मधे येतंय” म्हणून काढलं होतं आणि मला ते पटलंही होतं! चौकोनी पाइप दोन स्टुलांवर आडवा टाकून मी मधोमध कापत होते. कापत आलं तसा पाइप वाकला, चीर मिटली, चकती आवळली गेली आणि पुढचं काही कळलंच नाही. एक तुकडा जास्वंदीची कुंडी फोडून गेला. माझ्या अंगठ्याला नुसतं खरचटलं. दोष ग्राइंडरचा असं ठरवून मी मोठं, जमिनीवर घट्ट बसणारं मशीन घ्यायला निघाले होते.

तुम्ही तो तुकडा उलटसुलट करून पाहिलात आणि विचारलंत, “ताई, पाइप टेकवला कुठं हुता?”

मी सांगितलं. तुम्ही खडूने फरशीवर दोन स्टुलं काढलीत, वर पाइपची रेघ. मग मधोमध केलेली फुली पुसून ती एका स्टुलाच्या बाहेर मारलीत. तुकडा बाहेर लोंबत असला की कापताना तो खाली झुकतो, चीर उघडत जाते, पातं मोकळं राहतं. मध्ये कापलं की दोन्ही बाजू पात्याला चिमटा घेतात. एवढं एक चित्र मला आधी कुणी काढून दाखवलं असतं तर जास्वंद वाचली असती.

मग तुमचा दुसरा प्रश्न. “कापायचं काय काय हाय?” २५ बाय २५ चा पाइप, जाडी १.६ मिलिमीटर. २५ बाय ३ ची पट्टी. कधीतरी १२ मिलिमीटरचा बार. “आणि रोज किती?” रोज कुठलं, महिन्यातले दोन रविवार. “मग चौदा इंची कुणासाठी?”

मी गप्प. पण रात्री घरी जाऊन आकडेमोड केली, सवय जात नाही. चार इंची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते, म्हणजे तिची कड सेकंदाला ५७ मीटर पळते. ताशी २०० किलोमीटरच्या वर. चौदा इंची मशीन ३,८०० च्या आसपास फिरतं म्हणून मला ते शांत वाटत होतं. पण घेर मोठा, त्यामुळे कडेचा वेग सेकंदाला ७० मीटर निघाला! मी वाघाला घाबरून त्याच्याहून मोठा वाघ घरी आणायला निघाले होते. शिवाय ठिणग्या. आमच्या गच्चीवर उन्हाळाभर कुणाच्या ना कुणाच्या कुरडया वाळत असतात. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी फरशीवर गंजाचे ठिपके आधीच पडले होते, जिन्याच्या खिडकीच्या काचेला तर लोखंडाचे बारीक कण वितळून चिकटलेत, ते अजून निघत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचं पॉवर हॅक्सॉ, म्हणजे विजेवर मागेपुढे चालणारी करवत, दाखवलंत. ब्लेड थंड ठेवणारं दुधासारखं पांढरं कूलंट वरून टपटपतंय, ब्लेड एका दिशेने कापतंय आणि परत येताना किंचित वर उचललं जातंय. मी “हेच द्या” म्हटल्यावर तुम्ही हसलात. “हे गच्चीवर चढवायला क्रेन लागंल.”

आणि मला मशीनऐवजी काय दिलंत? हॅक्सॉची, म्हणजे लोखंड कापायच्या हातकरवतीची, दोन ब्लेडं. एक इंचाला २४ दात, एक ३२. “वीस तुकडं हातानं कापा, मग या.” खरं सांगते, राग आला होता. पण त्या वीस तुकड्यांनीच मला लोखंड कळलं. निदान तीन दात तरी धातूवर टेकलेले हवेत, नाहीतर दात अडकून तुटतात, हे तुम्ही सांगितलं होतंत. १.६ च्या पत्र्यावर ३२ चे सुद्धा जेमतेम दोन दात बसतात. म्हणून पाइप एका दमात आरपार कापायचा नाही. एक बाजू कापायची, शेगडा (पाइप आवळून धरणारा व्हाइस) सैल करून पाइप वळवायचा, दुसरी बाजू. करवत जरा तिरकी धरली की आणखी दात टेकतात. ब्लेडचे दात पुढच्या दिशेने, दाब पुढे जाताना, परत येताना हलकं. मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या, त्याहून घाई नाही. पहिल्या सहा तुकड्यांत मी तीन ब्लेडं मोडली, दोन तुमची आणि एक माझी. शेवटच्या दहांत एकही नाही. बारसाठी आणि एखाददुसऱ्या पट्टीसाठी मी आजही हातच चालवते.

चार महिन्यांनी तुमचा फोन आला, “एका बंद शेडमधनं बारका बँडसॉ निघालाय, बघून जावा.” बँडसॉ म्हणजे पट्ट्यासारखं सलग पातं दोन चाकांवर फिरवणारी करवत. तुम्ही तो आधी खोलून, बेअरिंग बदलून ठेवला होतात आणि मजुरी विचारल्यावर दुसरीकडे बघत होतात. सगळ्यात कमी वेगावर त्याचं पातं मिनिटाला २५ मीटरच्या आसपास सरकतं. मिनिटाला, सेकंदाला नव्हे. रंकाळ्यावर संध्याकाळी फिरणारी आजोबा मंडळीसुद्धा याहून भरभर चालतात. ठिणगी नाही, बारीक कीस खाली पडतो, आवाज शिवणयंत्राच्या जरा वर. जॉब, म्हणजे कापायचा पाइप, शेगड्यात आवळायचा, हात बाजूला, तुकडा पडला की मशीन आपोआप बंद.

पहिल्या दिवशी मी पातं पाइपवर धप्पकन सोडणार होते, तेव्हा तुम्ही माझ्या मनगटाला धरून ते अलगद टेकवलंत. पात्याला सरळ धरणारे गाइड जॉबच्या जवळ सरकवायला लावलेत. ओढणी काढून खिळ्याला, बांगड्या खिशात. मी विणलेले हातमोजे घालून आले होते ते तर तुम्ही ओढूनच घेतलेत, कारण दातात एक धागा अडकला की पाठोपाठ हात. तेव्हा स्वतःचे दोन्ही पंजे पुढे करून म्हणालात, “चाळीस वर्सं झाली. दहाच्या दहा हायेत, मोजा.” मी खरंच मोजली.

ग्राइंडर मी टाकला नाही, बरं का. गार्ड परत बसवलं, आता वेल्डिंगचा सांधा घासण्यापुरताच बाहेर काढते. चकती घेताना मधल्या पत्र्याच्या कडीवरची मुदत वाचते. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

एका गोष्टीवर मात्र माझं तुमच्याशी भांडण आहे. दुसऱ्याच्या बोटांची एवढी काळजी करणारा माणूस स्वतः वाचायच्या चष्म्यालाच गॉगल समजतो, हे काय? चष्म्याच्या बाजूने कण आत जातो, हे मला तुम्हीच सांगितलंय. बँडसॉचं पातं बोथट झालंय, नवं बांधून घ्यायला येत्या आठवड्यात येतेच आहे. येताना बाजूने बंद असलेला गॉगल आणतेय, चष्म्यावरून बसणारा. तो तिथेच, माझ्यासमोर घालायचा. मग चहा.

तुमची,
गच्चीवरची ताई