तक्रार: बॉक्सवर १६५ हर्ट्झ, १ एमएस, एचडीआर, वापरताना वेगळंच

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: गेमिंग मॉनिटरची दिशाभूल करणारी माहिती, रिफंड मिळण्याबाबत

नमस्कार,

तुमचा २४ इंची फुल एचडी व्हीए (एलसीडीचा एक प्रकार) पॅनलवाला गेमिंग मॉनिटर मी घेतलाय. बॉक्सवर तीन गोष्टी एकदम ठळक छापल्यात, १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणं), १ एमएस (एक मिलिसेकंदाचा रिस्पॉन्स टाइम) आणि एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र), आणि या तिन्हींपैकी एकही गोष्ट तिथे लिहिलीये तशी सरळ मिळत नाही. कस्टमर केअरला आधीच सगळं कळवलंय, त्यांनी "मॉनिटर स्पेसिफिकेशननुसार चालतोय" एवढं एक वाक्य पाठवून तिकीट बंद केलं. म्हणून आता सविस्तर लिहितेय, कृपया पूर्ण वाचा आणि परत तेच वाक्य पाठवू नका.

आधी १६५ हर्ट्झचं. बॉक्समध्ये तुम्ही फक्त एचडीएमआय केबल दिलीये. ती लावली, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये गेले, तर १२० च्या वर पर्यायच दिसेना. ड्रायव्हर नवीन टाकला, केबल दुसऱ्या पोर्टला लावून पाहिली, काहीच फरक नाही. मग तुमच्या मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात सापडलं की एचडीएमआयवर १२० पर्यंतच चालतं, १६५ पाहिजे तर डिस्प्लेपोर्ट वापरा. ती केबल मला वेगळी विकत आणावी लागली. १६५ हर्ट्झ सांगून विकताय तर ज्या केबलवर १६५ चालतं ती बॉक्समध्ये असायला नको का? आणि ज्यांनी कन्सोलसाठी हा मॉनिटर घेतला त्यांच्याकडे तर डिस्प्लेपोर्ट नसतोच, त्यांना १६५ कधीच दिसणार नाही, मग त्यांना हे बॉक्सवरच कळायला पाहिजे ना.

केबलचं एकवेळ सोडून देईन, पण १ एमएसचं नाही. माझी खरी तक्रार तीच आहे.

गेममध्ये अंधारा भाग आला, एखादी गुहा किंवा रात्रीचा मॅप, आणि माउस फिरवला की काळ्या सावल्या हलणाऱ्या वस्तूंच्या मागे ओघळल्यासारख्या दिसतात. शत्रू कोपऱ्यातून पळत गेला तर तो नक्की कुठे आहे तेच कळत नाही. १६५ हर्ट्झला एक फ्रेम साधारण ६ मिलिसेकंद टिकते, म्हणजे पिक्सेलने तेवढ्यात रंग बदलून मोकळं व्हायला पाहिजे, आणि तुमच्या पॅनलला काळ्यातून गडद राखाडीत जायला त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतोय हे डोळ्यांना स्पष्ट दिसतं. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला लवकर रंग बदलायला लावणारी सेटिंग, वाढवून पाहिला, तर उलट उजळ कडा दिसायला लागल्या, ते तर अजूनच वाईट.

मग हे १ एमएस आलं कुठून? ते एमपीआरटी आहे, म्हणजे हलणारं चित्र डोळ्यांना किती धूसर वाटतं त्याचं माप, पिक्सेल रंग किती वेळात बदलतो तो आकडा नाहीच. बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) दर फ्रेमला अगदी क्षणभर पेटवून बाकी वेळ बंद ठेवायचा, म्हणजे डोळ्यांना हालचाल कमी धूसर वाटते, असा तो मोड आहे. मोड म्हणून ठीक आहे, कुणाला आवडतही असेल. पण तो चालू केला की स्क्रीन मंद होते, ब्राइटनेस वाढवायचा स्लायडर लॉक होतो आणि फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग ग्राफिक्स कार्डाच्या वेगाशी जुळवणारी सोय) बंद पडतं. म्हणजे बॉक्सवर शेजारीशेजारी छापलेल्या दोन गोष्टी, १ एमएस आणि फ्रीसिंक, या एकावेळी चालूच शकत नाहीत आणि हे तुम्ही बाहेर कुठेही लिहिलेलं नाही.

आता जरा विचार करा की हा मॉनिटर घेतं कोण. ज्याचं बजेट कमी आहे तो. त्याचं ग्राफिक्स कार्डही साधंच असणार, माझंही तसंच आहे, एफपीएस (कार्ड सेकंदाला किती फ्रेम बनवतं तो आकडा) कधी ७० कधी ११०, सीन बदलला की खालीवर. अशा माणसाला फ्रीसिंकचीच सगळ्यात जास्त गरज असते, नाहीतर चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसतं. आणि तो बॅकलाइटचा मोड नीट दिसतो कधी, तर एफपीएस रिफ्रेश रेटइतका स्थिर असेल तेव्हा, जे साध्या कार्डवर नवीन गेममध्ये होतच नाही. म्हणजे ज्याच्यासाठी मॉनिटर बनवलाय त्यालाच तो १ एमएस उपयोगाचा नाही.

एचडीआरबद्दल थोडक्यात. मॉनिटर एचडीआरचा सिग्नल घेतो, बस एवढंच. तुमच्याच माहितीपत्रकात ब्राइटनेस २५० निट्स (उजेडाचं एकक) लिहिलाय, डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेच्या डिस्प्लेएचडीआर ४०० या सगळ्यात खालच्या पायरीलाही ४०० लागतात. लोकल डिमिंग, म्हणजे स्क्रीनच्या गडद भागापुरताच बॅकलाइट मंद करणं, नाही. चालू केलं की रंग फिके पडतात, मी ते बंदच ठेवलंय.

कॉन्ट्रास्ट मात्र चांगला आहे, सिनेमा बघताना काळा रंग खरंच काळा दिसतो, तेवढं मान्य. पण मी गेमिंगसाठी घेतला होता. त्याच बजेटमध्ये १४४ हर्ट्झचा आयपीएस (दुसऱ्या प्रकारच्या पॅनलचा) मॉनिटर समोर होता आणि तुमचा १ एमएस वाचूनच मी तो सोडला. पैसे साठवून वस्तू घेणाऱ्याला दोन-चार मॉनिटर घरी आणून तुलना करता येत नाही हो, त्याच्या हातात फक्त बॉक्सवरचे आकडे असतात आणि तो त्यांच्यावर विश्वास ठेवून निर्णय घेतो.

तर माझी मागणी अशी आहे. मॉनिटर परत घेऊन पूर्ण पैसे द्या, डिस्प्लेपोर्ट केबलचेही. त्याच मॉडेलचं रिप्लेसमेंट नको, कारण पीस खराब नाहीये, माहिती दिशाभूल होईल अशी लिहिलीये. आणि प्रॉडक्ट पेजवर व बॉक्सवर ग्रे टू ग्रे (पिक्सेलचा रंग बदलायला लागणारा वेळ) आणि एमपीआरटी हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा, कोणत्या पोर्टवर किती हर्ट्झ मिळतात ते लिहा, आणि १ एमएस मोडमध्ये फ्रीसिंक बंद होतं हे त्याच आकड्याखाली वाचता येईल अशा अक्षरात छापा.

बिल, मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो, १२० वर अडकलेल्या सेटिंगचा स्क्रीनशॉट आणि अंधाऱ्या सीनचा स्लो मोशन व्हिडिओ सोबत जोडलाय. लेखी उत्तराची वाट बघतेय, आणि हे तिकीट मला विचारल्याशिवाय बंद करू नका.

तुमची एक ग्राहक