तुझे चाळीस हजार सगळ्यात शेवटी

सांगली, रविवार

प्रिय बाळ्या,

सात महिने झाले, तुझा फोन उचलला नाही. दोन्ही वेळा मोबाईल माझ्या हातातच होता. तुझं नाव दिसत राहिलं आणि मी नुसता बघत बसलो. ‘कामात होतो’ हा मेसेज खोटा होता. घरी सगळे बरे आहेत, आईचा बीपी गोळ्यांवर ताब्यात आहे.

परवा शुक्रवारी जे झालं ते हिला सांगितलं. पण मिरज स्टेशनावर ती नव्हती, तू होतास, म्हणून तुला लिहितोय.

आधी मागचं सांगतो. कार्डावर १,८६,००० झाले होते. मी दर महिन्याला ‘किमान रक्कम’ भरून सुटलो असं समजायचो. एका रात्री बिल घेऊन बसलो. किमान रक्कम ९,३००. त्यात महिन्याचं साडेतीन टक्क्यांनी व्याज ६,५१० आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ११७२. मुद्दलातून वजा झाले जेमतेम सोळाशे. वर मागची बाकी पूर्ण फेडलेली नसल्यामुळे त्या महिन्यातल्या किराणालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागत होतं. ती रात्र मी जागून काढली.

सकाळी हिने पाटल्या आणि गोफ काढून माझ्यासमोर ठेवले. पाच तोळे. मी नको म्हणालो, तर म्हणाली, ‘कपाटात ते व्याज देतात का?’ सोनेतारण महिन्याला एक टक्क्याने मिळालं. तेव्हा किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत देत होते, तेवढ्यात भागलं. त्याच दिवशी कार्ड फेडलं आणि खातं बंद करायचा अर्ज दिला. नुसतं कात्रीने कापून ते बंद होत नाही, हे तुलाही सांगून ठेवतो.

चिमीने भिंतीवर कागद लावला. १८६ चौकोन, एक चौकोन म्हणजे हजार. पहिल्या महिन्यात दहा हजार भरले आणि ती आठच चौकोन रंगवून थांबली. ‘बाबा, दहा दिले तर आठ का?’ व्याज म्हणजे काय ते नऊ वर्षांच्या पोरीला समजावताना माझा घसा दाटून आला. पण त्या कागदाने मला ओढून नेलं, बाळ्या. एक तारखेला पगार, एक तारखेलाच हप्ता, उरेल त्यात महिना. चौदा महिने एकही खंड नाही. १२२ चौकोन रंगले.

सुरुवातीचे चार महिने अंगात वारं भरलेलं असतं. खरी परीक्षा दहाव्यानंतर. कर्ज आता भीती दाखवत नाही, संपतही नाही. लग्नाचं आमंत्रण आलं की आधी आहेराचा आकडा डोळ्यांपुढे येतो. ऑफिसातले महाबळेश्वरला निघाले की मी आईच्या तब्येतीचं कारण देतो. आणि या महिन्यात गाडीचं इंजिन उघडावं लागलं, अकरा हजार गेले. सोनेतारणावर फक्त व्याज भरलं, ६४० रुपये. चिमीने खडू आणला, मी मान हलवली, तिने तो परत डब्यात ठेवला. काही बोलली नाही ती.

त्याच संध्याकाळी फोन आला. तीन लाख मंजूर आहेत, कागदपत्रं नकोत, फक्त ओटीपी सांगा. मी हो म्हणालो. खरंच म्हणालो. डोक्यात हिशेबसुद्धा जमला होता: पाटल्या सोडवू, तुझे देऊन टाकू, उरलेल्यात चार दिवस कोकण. ओटीपी आला. आणि तू आठवलास, मिरजेच्या दोन नंबर फलाटावर माझा नवा फोन हातात घेऊन उभा. ‘कार्ड म्हणजे पगार नव्हे रे.’ मी म्हणालो होतो, ‘मला शिकवू नकोस.’ चहा तसाच टाकून तू गाडीत चढलास. मी फोन ठेवला. हात थरथरत होते.

लोकांना मी सांगतो की अण्णांच्या आजारपणात कर्ज झालं. ते अर्धंच खरं, हे तुला माहीत आहे. नव्वद हजार दवाखान्याचे. बाकी तो फोन, गोव्याची ट्रिप आणि ताईच्या वास्तुशांतीला ऐपतीबाहेर केलेला आहेर. अण्णा आयसीयूत होते तेव्हा, आपलं भांडण ताजं असताना, तू न मागता चाळीस हजार पाठवलेस. आणि तुझ्याच पैशाला व्याज नाही म्हणून मी तुला रांगेत शेवटी उभं केलं. गणिताने ते बरोबर आहे, महागडं कर्ज आधी. पण ज्याने व्याज घेतलं नाही त्यालाच मी तोंड दाखवत नाही, हे मला रोज सलतं.

म्हणून ठरवलंय. पुढच्या एक तारखेपासून सोनेतारणात नऊ हजार आणि तुला एक हजार. चौसष्ट हजार उरलेत, सातऐवजी आठ महिने लागतील. तुझ्या हजारामागे तिकडे महिन्याला दहा रुपये व्याज वाढेल. ते मला चालेल. पाटल्या सुटल्या की तुझा हप्ता मोठा करीन. चिमीला वेगळा कागद आखायला सांगितलाय, चाळीस चौकोनांचा. मेसच्या वहीत तू माझ्या नावावर लिहिलेले अकरा चहा मात्र त्यात धरलेले नाहीत. ते मी प्यायलेलोच नाही, हे शेवटचं सांगतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? वहिनींना नमस्कार, आणि धाकट्याला दहावीला किती पडले ते कळव. हेही मी विचारलं नव्हतं.

एक तारखेला हजार आले की परत पाठवू नकोस. नेहमीसारखा ‘राहू दे रे’ म्हणून उलटे पाठवशील, तसं करू नकोस. पोचले एवढंच कळव. त्या संध्याकाळी मीच फोन करतो.

तुझा,
पम्या