सूचना : रविवारी विमानाचे दर ५० तासांच्या उड्डाणानंतरचे काम

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ७ वाजल्यापासून लातूरच्या हँगरमध्ये सेसना १७२ चे ऑइल व फिल्टर बदलायचे आहे, उड्डाणे बंद. जुना फिल्टर लगेच टाकून देऊ नये. इंजिनिअर तो कापतील, आतल्या कागदाच्या घड्यांमध्ये धातूचा कीस सापडतो का ते जरूर बघा. बॅटरीची टर्मिनल्सही साफ होतील. (विजेचा मुख्य म्हणजे मास्टर स्विच बंद करत जा, बाबांनो!)

पावसाळ्यात इंधनाच्या अर्ध्या टाकीत रात्री पाणी धरते, म्हणून उतरल्यावर टाक्या भरून ठेवाव्यात. सकाळी टाकीतून काढलेला इंधनाचा नमुना उजेडात धरा : १०० एलएल (आपल्या विमानाचे पेट्रोल) निळसर दिसते, पाणी तळाशी बसते. नमुना अगदी स्वच्छ, बिनरंगी दिसला तर खूश होऊ नका, ते सगळे पाणीच असू शकते. पेट्रोलचा वास येतो का ते बघा. चहा आमच्याकडे, चिंध्या घरून आणा.