प्रिंटरची वायर मी काढली

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, रागावू नका. परवा निघण्याआधी, तुम्ही दुपारी पडला होतात तेव्हा, प्रिंटरची ती लांब वायर मी काढली. विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर 'नीट चाललंय ना सगळं' म्हणाला असतात, आणि त्या रात्री तुमचा पाय अडकला ते माझ्या डोळ्यांसमोरून जातच नाही. भिंत हाताशी होती म्हणून निभावलं. वायर टाकलेली नाही, माळ्यावरच्या निळ्या पिशवीत आहे.

तुमची खरी हरकत मला माहीत आहे. प्रिंटर आता वायरऐवजी वाय-फायवर चालतो, आणि मागेही तसा जोडला होता, तेव्हा सारखा 'ऑफलाइन' दाखवायचा. त्यात तुमचं काही चुकत नव्हतं, बाबा. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता देतो, पण तो कायमचा नसतो. लाइट जाऊन आले की कधी कधी प्रिंटरला दुसराच पत्ता मिळायचा आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहायचा. आपण घर बदललं तेव्हा जुन्या घरी आलेली पत्रं आणायला तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचात ना, अगदी तसंच. दांडा टोचू नये म्हणून टॉवेल गुंडाळायचात.

आता राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरच्या नावे एक पत्ता राखून ठेवलाय, १९२.१६८.१.५०. कॉम्प्युटरमध्येही तोच घातलाय. लाइट कितीही वेळा गेले तरी राउटर त्याला हाच देईल. तीन वेळा सगळं बंद करून पाहिलं, मगच निघाले.

तरी अडलंच, तर आधी राउटर बंद करून चालू करा, दोनेक मिनिटं थांबा, मग प्रिंटर. प्रिंटरच्या पडद्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही असं समजा आणि मला फोन करा. कितीही वाजले असले तरी. वाय-फायचं नाव पुन्हा निवडायची वेळ आली तर शेवटी ५ असलेलं, म्हणजे ५ गिगाहर्ट्झचं, घेऊ नका, आपला प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. दादाला सांगा, पासवर्ड बदलायचा असेल तर आधी मला कळव; बदलला की प्रिंटरचं वाय-फाय तुटतं. आणि राउटरमागचं ते बारीक बटण टाचणीने दाबायचं नाही. मागच्या वेळी झालं ते झालं, पण त्याने सगळ्या सेटिंग पुसल्या जातात, हा राखलेला पत्तासुद्धा.

आई, तुझ्या फोनवरूनही आता छापता येतं. फक्त फोन वाय-फायवर हवा, मोबाइल डेटावर नको. डोळ्यांच्या थेंबांचा तक्ता तुला मोठ्या अक्षरांत पाठवलाय, तो छापून आरशाशेजारी लाव. बाबांच्या बीपीच्या नोंदीही डॉक्टरांकडे जाण्याआधी तूच काढ, त्यांना खुर्चीतून उठवू नकोस. आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा, नाहीतर शाई वाळते.

हे पत्रही मुद्दाम मोठ्या टायपात केलंय. आधी तुझ्या फोनवरून छाप, मग बाबांनी कॉम्प्युटरवरून. दोन्ही प्रती हातात आल्या की मला मिस कॉल दे, मी लगेच उलट फोन करते.

तुमची,
चिमी